खोटे तीन दिवस

माझं अक्षर वेडंवाकडं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल — सांभाळून घ्या. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही तेवढं सोडून बाकीचं बोलते. मग तुम्हाला का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही तेव्हा सातपूरला दोन खोल्यांत राहायचो. नवरा पहिल्या पाळीला, दीर दुसऱ्या. एकाचा डबा पहाटे, एकाचा दुपारी. माझी तीन मुलं. नळाला पाणी पहाटे, तेही तासभर. कंपनीचा भोंगा झाला की मी जेवणावरूनसुद्धा उठायची. नुसती बसले, असं कधी व्हायचंच नाही. बसले तर मांडीवर सूप असायचं, नाहीतर मूल.

महिन्यातले तीन दिवस मात्र बसायला मिळायचं. आमच्या घरी विटाळ कडक पाळायचे. मागच्या दाराशी पोतं टाकून बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. बायकांना त्याचा जाच वाटतो. मला — कसं सांगू? मला ते दिवस हवेसे वाटायचे. मागे शेवग्याचं झाड होतं. त्याची बारीक पानं पडायची, ती बघत राहायची. भोंगा व्हायचा, आत भांडी वाजायची, आणि मी उठायची नाही. डोक्यात काही म्हणजे काही नसायचं. शेजारीण बोलायला आली तरी नको वाटायचं.

एकदा मला वाटलं, पाळी आली. म्हणून बसले, आणि नव्हतीच आली. तरी उठले नाही. कोण बघायला येणार होतं? तिथून सुरू झालं. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी खोटी बसायला लागले.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुझा महिना पंधरा दिवसांचा झाला काय गं? कॅलेंडरवाल्याला कळवायला पाहिजे." हसल्या, आणि दुर्वांचा रस काढून दिला. मी तो प्यायले.

मी बसले की माझं सगळं काम धाकट्या जावेवर पडायचं. कुसुम तिचं नाव, माहेर देवळ्याचं. बडबडी होती. ताट सरकवताना म्हणायची, "घ्या राणीसाहेब!" एका खेपेला सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी स्टोजवळ जायला बंदी केली होती. हे मला माहीत होतं. तरी मी खोटी बसले. थकले होते — पण कुसुम थकली नव्हती का?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळ्याहून कांद्याचा ट्रकवाला निरोप घेऊन आला. कुसुमच्या वडिलांचं जास्त झालंय, सारखं तिचंच नाव घेतात. सासूबाई तशा वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पोरी, मला दिसत नाही, ही बाहेर बसलेली. डबे, पोरं, कोणी करायचं? परवा ही न्हाली की त्याच पावली नीघ."

कुसुम मागच्या दारात आली. हाताला पीठ तसंच.

"जाऊबाई, आज कितवा?"

"दुसरा," मी म्हटलं.

तिने हाताचं पीठ झटकलं. मग आत गेली, आणि स्टोला पंप मारल्याचा आवाज आला.

मी घाबरले होते, असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. पण घाबरायचं काय होतं? "आली नव्हतीच, मला उगाच वाटलं" एवढंच म्हटलं असतं, डोक्यावरून दोन तांबे घेतले असते, तरी ती दुपारच्या गाडीला बसली असती. मला ते सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. ती दारात उभी असतानाच सुचलं होतं. पण मला अजून दोन दिवस बसायचं होतं — म्हणून मी बोलले नाही. हेच सांगायचं होतं.

मी बसले. शेवग्याकडे बघत.

चौथ्या दिवशी भल्या पहाटे न्हाले. महिनाअखेर होती, कुसुमकडे गाडीभाडं नव्हतं. माझ्या डब्यातले वीस रुपये मी तिला दिले. ती पोचली तेव्हा घरात नुसती माणसं बसलेली. वडिलांना आदल्या संध्याकाळीच नेलं होतं.

तेराव्यानंतर ती परत आली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, तर तीच माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार जाऊबाई, बाईच्या हातात असतं का ते?" त्यानंतर तिने मला कधी राणीसाहेब म्हटलं नाही.

पुढे मी खोटी बसले नाही. खरी बसायची, तेव्हाही ते पहिलं बसणं काही परत आलं नाही. भोंगा झाला की दचकायची. कुसुम चहा आणून ठेवायची, आणि तो तसाच निवून जायचा.

ती शेजारच्या टेलरकडून ब्लाऊज आणून काज-बटणं करायला लागली. आधी पाच रुपये आणून दिले, मग पाच, मग एकदम दहा. "राहू दे गं," मी म्हटलं. "नाही जाऊबाई," ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून जाता तरी आलं. झाले ना पुरे वीस?"

मी हो म्हटलं, आणि ते घेतले.