कामठीच्या कब्रस्तानातली उचकी

भुताखेतांवर आपला विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी चौथी नापास माणूस. नरखेड तालुक्यात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. कोणाकोणाच्या पडक्या विहिरीत एकटा उतरलो आहे... हडळ कधी दिसली नाही, अन् बेडूकही मले भीत नाही. आता हे मी बोलून राहिलो अन् माझी भाची मोबाइलवर लिहून राहिली. काही चुकलं तं तिले बोला.

मागच्या उन्हाळ्यात माझी बायको सुमन गेली. साध्या तापाचं निमित्त. अन् मले रडूच आलं नाही. काहीच आलं नाही. लाइन गेल्यावर मोटार कशी राहते — तसा. तेरवीच्या पंगतीत मी दोनदा वरण मागितलं. माझी मोठी बहीण, ताई, सगळ्यांसमोर बोलली, "पोट आहे का हौद गा तुह्यं? तिची आठवण तरी येते का तुले?"

मी म्हटलं, "नाही बा."

खोटं काहून बोलू? येतच नव्हती. ताईनं बोलणं टाकलं. मलेही वाटे, दुसऱ्याच्या मोटारी खोलतो, पण आपल्याच आत काहीतरी जळालेलं आहे.

तेव्हापासून रविवारी एसटी धरतो अन् एकटाच नागपूरले जातो. कामं दोनच — खाणं अन् जुने कब्रस्तान पाहणं. सकाळी ठेल्यावर तर्री-पोहे, नाक वाहेपर्यंत. मंग भोसले राजांच्या छत्र्या, म्हणजे समाध्या, नाही तं गोऱ्या साहेबांच्या कबरी. इंग्रजी येत नाही, म्हणून सगळे साहेब मले सारखेच. बरं वाटते तिथं. कोणी विचारत नाही, रडला का म्हणून.

त्या दिवशी नागपूरजवळच्या कामठीले गेलो होतो, कॅन्टोन्मेंटकडच्या जुन्या कब्रस्तानात. हिवाळ्यातली दुपार. सोबत गरम सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचं, पार्सल. एका कबरीच्या चौथऱ्यावर बसलो, म्हटलं, "साहेब, सरका थोडं." अन् सुरू झालो. थोड्या दूर एक म्हातारी गवत कापून राहिली होती. ते एकदम ओरडली —

"अवो भाऊ, बाईले पाणी पाजा ना! कधीची उचक्या देऊन राहिली!"

मी मागं पाहिलं. कोणी नाही.

"कोणती बाई, मावशी?"

"तुमच्या बाजूले बसली ते. भांडून आले का घरून?"

वाटलं, मावशी मजा घेऊन राहिली. आपण काय कमी आहो? "पाणी संपलं ना, मावशी!"

"मंग नावं घ्या. कोणीतरी आठवण काढून राहिलं असन तिची. बरोबर नाव आलं की थांबते."

हे तं आमच्याकडे लेकरालेही माहीत आहे. मी मजेत सुरू झालो. सुमनच्या मोठ्या भावाचं नाव घेतलं. मावशीनं कान दिला. "नाही." लहान्या भावाचं. "नाही." तिच्या मायचं. "नाही ना, बाप्पा!"

मी सुमनच्याच माहेरचे नावं घेऊन राहिलो, हे माझं मलेच उशिरा समजलं. वडीचा घास तोंडातच राहिला.

मावशी वैतागली. "अवो, तुमचं घ्या ना! नवरा ना तुम्ही तिचे?"

"माझ्यानं नाही थांबणार, मावशी. मले आठवण नाही येत."

"घेऊन तं पाहा."

"गजानन," मी म्हटलं. हळूच.

मावशी थोडा वेळ ऐकत राहिली. "हां... थांबली." अन् पुन्हा गवत कापायले लागली.

मी विचारलं, "मावशी, दिसते कशी?"

"घ्या! सोताच्या बायकोचं मले विचारता? जवळ बसली आहे, पाहून घ्या."

पाहिलं. ऊन होतं. दगड होता.

म्हातारीले कमी दिसत असन. डोकं फिरलेलं असन. पण मी कोणाचा नवरा आहो, हे मी कुठं सांगितलं होतं तिले? ताईले फोन लावून सारं सांगितलं.  ताई एवढंच म्हणाली, "जेवला का गा?"

हे काय होतं, मले अजून समजलं नाही. रडू तं आलंच नाही. आठवण येते का, तेही सांगता येत नाही. पण सुमनचं काही मनात येऊन राहिलं असं वाटलं की मी लगेच दुसरीकडे पाहतो. थोडं थांबतो, मंग पुढचं आठवतो. एकदम नाही.

बिचारीजवळ तिथं पाणी आहे का नाही, कोणाले माहीत.