दमदम्याच्या डोंगरावर नेलेला नारळ

नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून मानेसरच्या एका कारखान्यात जायचं ठरवलं, तेव्हा दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडणं ओघानेच आलं. गुडगावला एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत आम्ही फ्लॅट घेतला. प्रश्न सासूबाईंचा होता. त्या आमच्याबरोबर येणार की साताऱ्याला थोरल्या दिरांकडे जाणार? नवरा म्हणायचा, "आई, तुला हवं तसं." मीही तेच म्हणायचे. त्या विषय बदलायच्या.

एका शनिवारी नवरा म्हणाला, "उद्या आईला फ्लॅट दाखवू आणि तसंच पुढे दमदमा तलावावर जाऊ. मागे डोंगर आहे, अर्ध्या तासात माथा."

रविवारी सासूबाईंच्या पिशवीत मला नारळ, खण आणि तांदूळ दिसले. फ्लॅटसाठी असतील असं वाटलं. पण तिथे त्यांनी पिशवी उघडलीच नाही.

तलावापासून वाट लगेच चढू लागली. काटेरी झुडपं, पायाखाली निसटणारे दगड. सासूबाईंनी आमच्या मुलाचे शाळेचे कॅनव्हासचे बूट घातले होते. त्या न थांबता चढल्या. नवरा तीनदा बसला.

माथ्यावर वारा होता, खाली चपटा चकचकीत तलाव आणि मोहरीची पिवळी शेतं. सासूबाई मात्र मागे-पुढे बघत होत्या.

"देवी कुठाय?"

"कुठली देवी?" नवरा धापा टाकत म्हणाला.

"डोंगर आहे म्हणालास ना?"

आमच्याकडे डोंगर म्हटला की वर देवी असणारच. त्यांनी विचारायचीसुद्धा गरज मानली नव्हती. सरपणाची मोळी घेऊन चाललेल्या एका बाईला मी हिंदीत विचारलं. ती हसली. "मंदिर तो नीचे गाम में सै, ताई. ऊपर कौन आवै!"

देऊळ खाली गावातच आहे हे ऐकून सासूबाई दगडावर बसल्या. "तुझ्या हातून ओटी भरून घेणार होते. आणि राहू का जाऊ, ते तिला विचारणार होते. आता कुणाला विचारू?"

"मला विचारा," मी म्हटलं. "तुम्ही हव्या आहात. मी ऑफिसातून सातला येणार, हे त्याहून उशिरा. पोराशी मराठीत कोण बोलणार? आणि घरात तुम्ही नसाल, तर मला करमायचं नाही."

"मग दोन महिने 'हवं तसं, हवं तसं' काय लावलं होतंत? मला वाटलं, तुम्हाला मी नकोच आहे."

"आई, तुझ्यावर जबरदस्ती नको म्हणून..." नवरा म्हणाला.

"शहाणाच आहेस. एवढ्यासाठी म्हातारीला डोंगर चढवलास."

मी पिशवी उचलायला गेले. त्यांनी ती स्वतःकडे ओढली. "नारळ राहू दे. त्या घरात शिरताना लागेल. आणि तिथल्या लिफ्टचं आधी बघा. चौथ्या मजल्यावर मी रोज चढणार नाही."