खालची पेटी

शेवटच्या भेटीत सुजातानं माझी विचारपूस केली नाही, पेटीची केली. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते. उगाच चादर सारखी करत होते. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मंगल, खालची पेटी चार्ज करून ठेवलीस का?" मी चिडलेच. म्हटलं, "अगं बाई, तुझी तब्येत काय आणि तू विचारतेस काय…" तर म्हणे, "तब्येतीचं डॉक्टर बघतायत. पेटीचं तुला बघायचंय." दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये असताना तिच्या भावाचा फोन आला. पिंपळे गुरवला जायचं होतं, कुठल्या स्टॉपवर उतरले ते आजही आठवत नाही.

दापोडीच्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि मी शिवणकाम. दोघी राहायला संत तुकाराम नगरात, त्यामुळे जाणंयेणं बरोबरच आणि भांडणंही रोजची. तिचे वडील कंपनीत कामगार. ती दापोडीच्याच चाळीत वाढली आणि शिकवायलाही मुद्दाम तिथंच परत आली. वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला की तिला आधी आनंद व्हायचा, उत्तराचं ती मग बघायची. बाकी आम्हा शिक्षकांचं नेमकं उलटं असतं.

या पेटीचं खूळही अशाच एका प्रश्नातून निघालं. सहलीहून येताना चाकणजवळ आम्ही मिसळ खायला थांबलो होतो. सानिका नावाची आमची एक चिमटे काढणारी पोरगी म्हणाली, "मॅडम, अंतराळवीरांच्या मिसळीवर तर्री येत असेल का हो?" सगळ्या हसल्या. मीही हसले. सुजातानं मात्र चमचा खाली ठेवला. "रश्शावर तेल का तरंगतं?" "हलकं असतं म्हणून." "मग जिथं वजनच नाही, तिथं हलकं कोण आणि जड कोण?" उत्तर पुस्तकात सापडलं असतं, पण तिचं म्हणणं पडलं, की स्वतः पाहता येत असेल तर दुसऱ्याचं ऐकून का गप्प बसायचं? तिची मिसळ तशीच गार झाली.

मग तिनं शोध लावला, की परदेशात खासगी रॉकेटं आहेत. ती पृथ्वीभोवती फिरत बसत नाहीत. सरळ वर जातात, अवकाशाच्या उंबरठ्याला शिवतात आणि परत खाली येतात. मधली तीनेक मिनिटं आतल्या कशालाच वजन नसतं. संशोधक त्यात आपले प्रयोग पाठवतात आणि एक संस्था शाळांच्या छोट्या पेट्यांनाही त्यात जागा मिळवून देते. मी म्हटलं, "तीन मिनिटांसाठी एवढा उपद्व्याप? दापोडीच्या सिग्नलला आपण याहून जास्त थांबतो." ती म्हणाली, "आणि सिग्नलला थांबून तुला आजवर काय कळलं?"

पेट्या दोन बनवल्या, अगदी सारख्या. आत पाणी आणि तेल भरलेली पारदर्शक नळी, ती हलवणारी इवलीशी मोटर, दिवा आणि कॅमेरा. तेल साधं नको, खरी तर्रीच हवी, असा मुलींचा हट्ट आणि मॅडमचा त्याला पाठिंबा. रॉकेटच्या हादऱ्यांत पेटी टिकेल का हे बघायला चाकणच्या एका कारखान्यात गेलो. तिथं गाड्यांचे सुटे भाग मशीनवर गदागदा हलवून पाहतात. आमची पेटी हलली आणि नळी गळली. सगळ्या खोलीत लसूण-खोबऱ्याचा घमघमाट. तिथल्या इंजिनिअरनं शांतपणे विचारलं, "मॅडम, रिपोर्टमध्ये मिसळ सांडली असं लिहू का?" झाकणाच्या रबरात मिरचीचं बी अडकलं होतं, दुसरं काही नाही. मग मीच मलमलीच्या तुकड्यातून तर्री गाळून दिली. तेव्हापासून मीही त्या प्रयोगात ओढली गेले, ती कायमची.

"दोन कशाला? जाणार तर एकच," मी विचारलं होतं. ती म्हणाली, "वरची एकटी गेली तर नुसती गंमत होईल. तिच्यासारखीच एक खाली हवी, त्याच वेळी हलवलेली. त्याशिवाय वर काय वेगळं झालं ते कळणार कसं?" पुढं वरची पेटी परदेशी रवाना झाली आणि सुजाताचा जुना, बरा झालेला कॅन्सर उलटला. उड्डाण लांबत गेलं. कधी हवा खराब, कधी रॉकेटात काहीतरी बिघाड. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "असू दे, घाई कुणाला आहे…" घाई तिलाच होती. मला ते दिसत होतं आणि रडू यायचं.

तिच्या स्मरणाच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळ्या मुली आल्या होत्या. तिथंच उड्डाणाची नवी तारीख कळली. सानिका मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाई, वरची जाऊ द्या. खालची राहू द्या आता. मॅडमशिवाय आम्हाला ते बघवणार नाही." खालची पेटी चालली नसती तर सगळ्यांची मेहनत फुकट गेली असती. ते तिलाही कळत होतं. मी म्हटलं, "मला तरी कुठं बघवतंय पोरी? पण तिनं जाताना माझ्याकडून एवढंच मागितलंय. तू येऊ नकोस हवं तर, बटण मी दाबते."

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत सगळ्या आल्या, सानिका सगळ्यांत आधी. पडद्यावर रॉकेट निघालं. इंजिन बंद झाल्याचं सांगितलं तसं मी बटण दाबलं. नळी हलली, सगळं लालभडक ढवळलं गेलं आणि बघता बघता तर्री गुमान वर येऊन बसली. आपल्या स्वयंपाकघरात रोज बसते तशी. वरच्या पेटीत काय चाललंय ते मात्र कळायचं नव्हतं. तेव्हा मला सुजाताची फार, फार आठवण आली.

पुढं वरच्या पेटीची चित्रफीत आली. पाण्यात तेलाचे लाल मणी नुसते लटकून राहिले होते. ना वर, ना खाली, कुठं जायची घाई नाही. रॉकेट उतरताना परत हवेत शिरलं, वजन परतलं आणि सगळे मणी एकदम वर धावले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सानिकानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई, परत लावा."

खालची पेटी आता माझ्या शिलाई मशीनशेजारी असते. येताजाता मी ती हलवते, तर्री वर येईपर्यंत थांबते आणि कामाला लागते. परवा मुली घरी आल्या. सोड्याचे बुडबुडे तिथं कुठं जात असतील, हा नवा प्रश्न त्यांनी काढलाय आणि अर्जही स्वतःच लिहून आणला होता. सानिकानं विचारलं, "वरची आम्ही बनवू. पण खालची कोण सांभाळणार?"

"मी आहे की," म्हटलं.