भर उन्हात चांदणी दाखवणारे मामा

भर दिवसा आकाशातली चांदणी बोट करून दाखवू शकेल असा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच आहे आणि तो माझा सासरा आहे, हे मी कुठेही, कुणापुढेही, कुणी न विचारता सांगायला तयार असतो. लोक सासऱ्याच्या बंगल्याबद्दल बोलतात, मी सासऱ्याच्या नजरेबद्दल बोलतो. मी स्वतः खारघरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो, दरवर्षी फळ्यावर सूर्यमाला काढतो, पण लग्न होईपर्यंत शुक्र आकाशात नेमका कुठे आहे ते मला वर बघून सांगता आलं नसतं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला गच्चीवर नेऊन विचारलं होतं, "शुक्राची चांदनी कुटं हाय, सांगा." मी म्हणालो, पुस्तकात बघून सांगतो. तरीही त्यांनी मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

मी त्यांना मामा म्हणतो. मामांचं तरुणपण उलव्याच्या खाडीकाठी मिठागरात गेलं. आता त्या भागात टॉवर उभे आहेत आणि त्यातल्याच एकाच्या सातव्या मजल्यावर आम्ही सगळे राहतो. मिठागर गेलं, पण मामांच्या अंगातून काही ते गेलं नाही. हॉटेलात गेलं की ताटाला हात लावण्याआधी मिठाची चिमूट जिभेवर जाते, मग "खारटपना हाय, चव नाय" असा निकाल लागतो आणि वेटर बिचारा मिठाची दुसरी डबी आणायला पळतो. घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. बाल्कनीच्या कठड्याची सावली तुळशीच्या कुंडीला टेकली की त्यांना चहा लागतो आणि ढगाळ दिवशी ते तीनदा चहा मागतात. अंतर मोजतात ते मुठीने. हात सरळ ताणायचा, एक डोळा मिटायचा आणि मुठीला मूठ लावत जायचं. माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा मामांनी तिला फोनवर पत्ता सांगितला, "चौकात उबं राहून बगा, टाकीपासून दोन मुठी डावीकडं." आई बराच वेळ चौकात हात ताणून उभी होती, पण घर तिला बरोबर सापडलं.

दिवसा चांदणी बघायची विद्यासुद्धा मिठागरातलीच. तिथे पहाटे कामाला उतरावं लागे आणि त्या मंडळींचा एक खेळ होता, चांदणी धरायचा. पहाटेची शुक्राची चांदणी नजरेत धरायची आणि सूर्य वर आला तरी सोडायची नाही. काम करता करता थोड्या थोड्या वेळाने मिठाच्या राशीच्या सावलीत यायचं, सूर्य राशीआड ठेवायचा आणि चांदणी जागेवर आहे ना ते बघायचं. ती ज्याच्या नजरेतून आधी सुटेल त्याने त्या दिवशी सगळ्यांसाठी गावातून पिण्याचं पाणी आणायचं. आपण उभ्या आयुष्यात कधी पाणी आणलं नाही, असं मामा सांगतात. मामी आतून ओरडते, "खोटं! लगीन ठरलं त्या दिवशी आनलं होतं." मामा लगेच बाल्कनीत कठड्याची सावली बघायला जातात.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. फार पिकू दिला तर नजर परत येईलच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मामांचं उत्तर ठरलेलं, "मना दिवसा चांदनी दिसते, डाक्टरला दिसते काय? जवर दिसते तवर डोल्याला हात लावाचा नाय. नाय दिसली तर मीच सांगन." इकडे चहा कपाशेजारी ओतला जात होता, रस्त्यात रिक्षावाले कचकचून ब्रेक मारत होते आणि माझी बायको काळजीने अर्धी झाली होती. पण त्यांना आकाशात काय दिसतं आणि काय नाही, हे दुसरं कोण सांगणार?

अशात एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला सोसायटीत गडबड उडाली. वॉचमनला पाण्याच्या टाकीच्या कडेला, स्वच्छ निळ्या आभाळात, एक पांढरा लखलखीत ठिपका दिसला. ग्रुपवर मेसेज पडले आणि बघता बघता सगळे पार्किंगमध्ये माना वर करून उभे. कुणी ड्रोन म्हणालं, कुणी फुगा म्हणालं. सेक्रेटरी म्हणाले, "एअरपोर्ट जवळ आहे, टेन्शनची गोष्ट आहे. मी पोलिसांना कळवतो." तेवढ्यात मामा लुंगी सावरत खाली आले. ठिपका कुठे आहे एवढंच त्यांनी विचारलं आणि म्हणाले, "पोलीस काय करनार तिला? शुक्राची चांदनी हाय ती."

हशा पिकला. "काका, दहा वाजलेत सकाळचे," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही आधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या." मला असा संताप आला की विचारू नका. मामा मात्र शांत होते. त्यांनी सगळ्यांना बी विंगच्या सावलीत ओढलं. "सूर्य विंगच्या मागं ठेवा, त्याच्याकडं कोनी बगू नका. आता उजेड फुटतो तिथून मुठी मोजा. साडेचार भरतील. भरल्या? आता चा पिऊन या. टाकी काय हलत नाय. चांदनी असंल तर सूर्य जितका सरंल तितकीच ती सरंल."

पंधरा मिनिटांनी सावली सरकली होती, तिच्याबरोबर आम्हीही सरकलो होतो आणि ठिपका टाकीची कड सोडून पश्चिमेला गेला होता. मुठी मात्र साडेचारच भरल्या. सेक्रेटरींनी स्वतः दोनदा मोजल्या. मी मोबाईलवर आकाशाचा नकाशा उघडला, तिथेही शुक्रच. मग टाळ्या वाजल्या आणि मी मोठ्याने जाहीर केलं की हे माझे सासरे आहेत. ते सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मामा हळूच म्हणाले, "जावयबापू, डाक्टरला फोन लावा. मना नाय दिसली."

मी विचारलं, "मग सांगितलंत कसं?"

"पहाटं दिसते अजून, पसरल्यासारकी. सूर्य तिच्या किती मागून येतो ते ठावं हाय. मग दिवसा ती कुटं असंल ते बगावं लागतं काय?" मग म्हणाले, "दिवालीपासून नाय दिसत. आज दिसंल, उद्या दिसंल, असं करत राहिलो."

ते बोलले नसते तर कुणाला कळलं असतं? त्या टाळ्यांनंतर तर त्यांच्या नजरेवर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नसती. पार्किंगमध्ये मला त्यांचा अभिमान वाटला होता, पण लिफ्टमध्ये वाटला त्याच्यापुढे तो काहीच नव्हता. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

"कशी होती चांदनी?" लिफ्ट वर पोचता पोचता त्यांनी विचारलं.

"छान होती."

"छान म्हंजे? शिकवता ना तुमी?"

मी सातव्या मजल्यावरून लिफ्ट पुन्हा खाली नेली. सगळे पांगले होते. मी सावलीत उभा राहिलो, हात ताणला, मुठी मोजल्या आणि ती सापडली. मग मी दिसेल तसं सांगत गेलो आणि मामा माझा खांदा धरून, मी बघत होतो तिथेच बघत उभे राहिले.