डायोडचं तोरण

कोल्हारच्या बाजारतळाजवळ एक मिस्त्री शेतपंपांचे, वीज आली की पंप आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच दुरुस्त करतो. आतला सर्किट बोर्ड जळका वास येतो का म्हणून आधी हुंगतो, मग बघतो. प्रत्येकात न विचारता शेंगदाण्याएवढा काळा डायोड बसवतो. व्होल्टेज उसळलं की तो डायोड स्वतः जळतो आणि बोर्ड वाचवतो.

परवा जवळच वीज पडली आणि माझा ऑटोस्विच बंद झाला. मी तोंड पाडून त्याच्याकडे गेलो. त्यानं झाकण उघडून हुंगलं आणि खुशीत चहा सांगितला. "बोर्ड ठणठणीत हाय. तुमचा गडी कामी आला."

जळका डायोड त्यानं दारावरच्या तारेत, आधीच्यांच्या रांगेत ओवला. दसऱ्याला हत्यारांच्या आधी हळदकुंकू त्यांना.

मग नवा बसवला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाला, "तोरणात यायची घाई करू नको, बाबा."