दोन खाटा, दोन औषधं

बाबांना न्यूमोनिया झाला होता. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात ते ऑक्सिजनचा मास्क लावून पडले होते. तरुण डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "दोन अँटिबायोटिक आहेत, दोन्ही वापरातली. जास्त चांगलं कोणतं, ते आम्ही तपासतोय. यांना कोणतं मिळेल ते कॉम्प्युटर ठरवेल. तुमची तयारी असेल तरच."

मी भडकले. "गरिबांच्याच छातीवर प्रयोग? सिव्हिल लाइन्सच्या बंगलेवाल्यांना विचारता का हो?"

"कोणतं चांगलं ते मला माहीत असतं, ताई, तर विचारलंच नसतं."

आमच्या घरची रीत आहे. चळवळीचं पत्रक छापायच्या आधी ते वस्तीत मोठ्यानं वाचायचं आणि ऐकणाऱ्यानं सवाल करायचे. मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर. बाबांनी मास्क बाजूला केला. "भांडून काहून राहिली वं? वाचून दाखव ना सगळ्याइले."

मी माहितीपत्रक वाचलं. शेजारच्या खाटेवर कळमेश्वरच्या कारखान्यातले एक काका होते. त्यांनाही हाच आजार. त्यांनी विचारलं, "औषध नाही लागलं तं?"

"बदलू," डॉक्टर म्हणाल्या.

"मंग लिहा माह्यं नाव."

बाबा खोकत हसले. "माह्या मागं लागा गा लाइनीत."

कॉम्प्युटरनं बाबांना एक औषध दिलं, काकांना दुसरं.

तिसऱ्या दिवशी काकांचा ताप उतरला. ते उठून बसले, चहासाठी काकूंवर डाफरू लागले. इकडे प्रत्येक श्वासाला बाबांच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. काकू माझ्याकडे पाठ करून काकांना बिस्किट भरवायच्या, त्यांचा आनंद मला दिसू नये म्हणून. आणि समतेवर पानंच्या पानं लिहिणारी मी काकांच्या सलाईनकडे पाहत मनात म्हणायचे, हे आमचं असायला हवं होतं.

डॉक्टर आल्या तशी मी त्यांचा हात धरला. "ते औषध द्या. दिसतंय ना डोळ्यांनी?"

"औषध बदलतेच आहे. पण तेही नाही, तिसरं देतेय. दोन खाटांवरून काही ठरत नाही, ताई. बाबांचं फुफ्फुस आधीच कमजोर होतं. पुष्कळ माणसं पाहावी लागतात."

खरं होतं. पण त्या पुष्कळांत माझा बाप एकच होता.

नवं औषध सुरू झालं. काकू उठून माझ्याजवळ आल्या. "उतरंल, पोरी."

मी बाबांच्या कपाळावर हात ठेवला. अजून तापलेलंच होतं.