वाहक

दरवर्षी बारावीच्या वर्गात ‘वाहक’ हा शब्द आला की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "पुढे सरका, पुढे सरका!" मी म्हणते, अरे, हा बसमधला नव्हे, हा सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा वाहक. आई किंवा वडील, एकाकडूनच ते सदोष जनुक आलं तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियात तो जास्त तगतो. दोघांकडूनही आलं तर मात्र आजार. मलेरियाच्या मुलखात वाहक जास्त जगले, त्यांना मुलं झाली, म्हणून ते जनुक टिकलं. नैसर्गिक निवड ती हीच, आणि ती कुणाचं भलंबिलं बघत नाही. जिराफाने मान ताणली म्हणून लांब झाली असं पेपरात लिहिलंत तर तुमची मान आणि माझे हात, हेही सांगून ठेवते. वर्ग हसतो.

मी स्वतः वाहक आहे हे वर्गात कधी सांगितलेलं नाही. आजार आला तो माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला. आम्ही गडचिरोलीकडची. आईवडील आता नाहीत, त्याला मीच. उपचारांसाठी तो शनिवार पेठेत माझ्या दोन खोल्यांत राहतो. पुण्यात येऊन माझं ‘काहून’ केव्हाच ‘का’ झालं, त्याचं नाही झालं. थंडीत त्याची हाडं अशी ठणकतात की त्याचं कण्हणं ऐकवत नाही. दुखणं ओसरलं की वर मलाच चिडवतो, "मच्छर बी तुले भेते, मले कोनीच नाई भेत."

गेल्या महिन्यात मला बघायला मंडळी यायची होती. मुलाला मी आधी दोनदा भेटले होते, भावाविषयी बोलले नव्हते. मला तो आवडला होता, हे लग्न मला हवं होतं, उगाच खोटं कशाला बोलू? तो वाहक नसेल तर आमच्या मुलांना हा आजार होणार नाही, हे मी फळ्यावर चौकोन आखून पोरांना शिकवते. ‘एकदा रक्त तपासून घे’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. ते राहिलं बाजूला. सकाळी भावाला म्हणाले, "आज हिंजवडीला मित्राकडे जातोस का? इथे गर्दी होईल." त्याने गोळ्या खिशात टाकल्या आणि गेला.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने विचारलं, "तुला भावंडं किती गं?"

"मी एकटीच," मी म्हणाले. जीभ कशी झडली नाही माझी!

संध्याकाळी भाऊ परत आला. "जमलं?"

"जमलं," म्हटलं, आणि मी काय बोलले तेही सांगून टाकलं. वाटलं, आता चिडेल, दोन शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तो बूट काढत बसला.

"मंग लग्नात मी कोन म्हनून येऊ?" त्याने विचारलं. मग त्यानेच तोड काढली. "मामेभाऊ सांग. मामेभावाचं रक्त कोनी तपासत नाई."

मला लाज वाटली, पण ती नंतर. आधी वाटलं, बरं झालं, सुटले.